तुच्छ नव्हे, तुश्चा

हॅम्बर्गच्या बोटधक्क्यावर एका अनोळखी माणसाने स्नेहलता धारपकडे बघून तिला ‘तुच्छ’ म्हटलं. निदान तिला तरी तसंच ऐकू आलं.

एकोणीसशे अठ्ठावन्नचा ऑक्टोबर होता. पाऊस असा, की पडतोय म्हणावं तर छत्रीवर आवाज नाही आणि नाही म्हणावं तर कोटाच्या बाह्या ओल्या. एल्बे नदी, आभाळ, पलीकडच्या गोदीतल्या क्रेन... सगळं एकाच राखी रंगाचं. फिंकनवेर्डरला जाणारी बोट अजून यायची होती. पत्र्याच्या छपराखाली तो उभा होता. उंच, खांद्यात जरासा वाकलेला, ओठांत न पेटवलेली सिगरेट. त्याने खिशातून काडेपेटी काढली, कानाशी धरून हलवली, उघडली, आणि मान वर केली. समोर स्नेहलता. निळं पातळ, त्यावर तिच्या मापाचा नसलेला ओव्हरकोट, काठ चिखलाने भरलेले.

“तुश्चा,” तो म्हणाला.

तिचे कान तापले. वाईत हा शब्द तिच्या तोंडावर कुणी उच्चारला नव्हता. पण कितीतरी ओसऱ्यांवरून तो नुसत्या नजरेने म्हटला गेला होता. आणि आता इथे, सातासमुद्रापार?

“कोणाला म्हणालात?” ती मराठीतच बोलून गेली. मग जर्मनमध्ये, “मला काय म्हणालात तुम्ही?”

तो गडबडला. सिगरेट ओठांतून काढून हातात धरली. “मी? मी तर... काडेपेटीला म्हणालो.”

“काडेपेटीला?”

त्याने पेटी तिच्यापुढे धरली. आत एकही काडी नव्हती. “रिकामी आहे. आमच्या भाषेत — तुश्चा.”

“तुमची भाषा कुठली?”

“लिथुआनियन. तुम्ही नाव ऐकलं नसेल.”

आता गडबडायची पाळी स्नेहलताची होती. नाव ऐकलं नसेल? त्या भाषेसाठीच तर ती इथे आली होती! पुण्यात संस्कृतात एम. ए. करून ती जर्मन शिष्यवृत्तीवर प्रोफेसर हार्टविग यांच्या हाताखाली प्रबंध लिहायला आली होती. संस्कृतच्या दूरदूरच्या बहिणी युरोपात कुठे कुठे नांदतात ते शोधायचं, हा तिचा विषय. त्या बहिणींतली सर्वांत जुन्या वळणाची म्हणजे बाल्टिक समुद्राकाठची ही लिथुआनियन. व्याकरणाच्या पुस्तकातून तिने ती वर्षभर वाचली होती. माणसाच्या तोंडून मात्र आज पहिल्यांदा ऐकत होती. पुल्लिंगी ‘तुश्चस’, स्त्रीलिंगी ‘तुश्चा’... आणि आपलं ‘तुच्छ’! मूळ एकच.

“आमच्याकडेही हा शब्द आहे,” ती म्हणाली. “तुच्छ.”

“रिकामं?”

“फार जुन्या काळी, हो. आता नाही. आता तुच्छ म्हणजे... ज्याला काही किंमत नाही. ज्याच्याकडे माणसं बघून न बघितल्यासारखं करतात, ते.”

तो काही क्षण हातातल्या पेटीकडे बघत राहिला. “बिचारी,” म्हणाला, आणि अगदी अदबीने ती पुन्हा खिशात ठेवली.

स्नेहलता हसली. किती दिवसांनी हसली, ते तिचं तिलाच आठवेना. तेवढ्यात बोट आली.

*

त्याचं नाव रापोलास. वय तेहतीस. फिंकनवेर्डरच्या गोदीत तो ड्राफ्ट्समन होता. जहाजांच्या सांगाड्याची ड्रॉइंग्ज काढायचा. युद्धाच्या शेवटच्या वर्षी माणसांचा जो लोंढा पूर्वेकडून जर्मनीत आला, त्यात तोही आला होता. काही वर्षं छावण्यांत गेली, मग हॅम्बर्ग. लिथुआनिया आता रशियाच्या ताब्यात होता; त्याच्या कागदपत्रांवर देशाच्या जागी ‘हाइमाटलोस’ असा शिक्का होता. म्हणजे ज्याला स्वतःचा देश नाही असा.

तो शहरात राहायचा आणि कामाला फिंकनवेर्डरला यायचा. ती फिंकनवेर्डरला एका म्हाताऱ्या फ्राऊ पेटरसनच्या माडीवर राहायची आणि युनिव्हर्सिटीसाठी शहरात जायची. म्हणजे दोघांच्या बोटी उलट्या दिशेच्या. तरी संध्याकाळी धक्क्यावर त्यांची गाठ पडू लागली. नंतर नंतर तर काम संपवून घरी पोचलेला रापोलास पुन्हा धक्क्यावर यायचा आणि तिच्याबरोबर फिंकनवेर्डरपर्यंत जाऊन त्याच बोटीने परत फिरायचा. का, ते तिने विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

ती शब्द विचारायची. मीठ, लांडगा, सून, ओलं, जिवंत. तो सांगायचा. पाऊस बोटीच्या काचांवरून ओघळत राहायचा.

“तुमचं नाव फार लांब आहे,” एकदा तो म्हणाला. “अर्थ तरी सांगा.”

“लता म्हणजे वेल. स्नेह म्हणजे माया. जुन्या संस्कृतात तेलसुद्धा.”

“तेलाचा वेल?”

“मायेचा!”

“आमच्याकडे स्निएगस म्हणजे बर्फ.”

“माहीत आहे मला. प्रोफेसर म्हणतात, मूळ एकच असावं. चिकटून राहतं, ते.”

“म्हणजे तुम्ही चिकटता.”

“मी?”

“मी बर्फाबद्दल बोलतोय, फ्रॉयलाइन धारप.” तो अगदी गंभीर होता. डोळे सोडून.

तिने खिडकीबाहेर पाहिलं. काचेवर तिचाच चेहरा होता, आणि तो हसत होता. तिने तो पुसायचा प्रयत्न केला.

“आणि मला रापोलास म्हणू नका,” तो म्हणाला. “हाक मारताना ‘रापोलाय’ म्हणायचं. रापोलास हा ज्याच्याबद्दल बोलतात तो. रापोलाय हा ज्याच्याशी बोलतात तो.”

“संबोधन!” ती हरखली. “आमच्यातही आहे. मला हाक मारायची तर ‘स्नेहलते’.”

“मग तसं म्हणू?”

“अं... अजून नको.”

एकदा धावत येऊनही दोघांची बोट चुकली. धक्का आणि बोट यांच्यामध्ये काळं पाणी रुंद होत गेलं. “तुश्चा यो!” तो धापा टाकत म्हणाला.

“म्हणजे?”

“म्हणजे... मरू दे तिला. गेली तर गेली.”

“रापोलाय! म्हणजे तुमच्यातही तो शब्द शिवीकडे सरकतोय!” ती भर पावसात पिशवीतून पेन्सिल शोधू लागली.

“शिव्यांनी इतका आनंद होणारी बाई मी आजवर पाहिली नाही,” तो म्हणाला, आणि ती लिहीत असेपर्यंत छत्री तिच्यावर धरून स्वतः भिजत उभा राहिला.

तिच्या प्रबंधाचं कोडंच ते होतं. जे नुसतं रिकामं, ते पुढे हलकं, टाकाऊ, तुच्छ कसं ठरलं? कुठल्या वळणावर? रिकाम्या भांड्याला कुणी हसत नाही. मग ‘रिकामं’ या शब्दात तिरस्कार आला कुठून?

त्याचं उत्तर तिला जानेवारीत मिळालं. आणि तिथेच सगळं बिघडलं.

*

त्या दिवशी धुकं इतकं होतं की बोट नदीच्या मध्यावरच थांबली. भोंगा मधूनमधून हंबरत होता. आत पाच-सहाच माणसं. पिवळा मिणमिणता दिवा. कोळशाच्या धुराचा आणि ओल्या लोकरीचा वास.

“भांडं रिकामं असतं तसंच घरही तुश्चा म्हणता येतं का?” तिने नेहमीसारखं विचारलं. “समजा, नवं बांधलंय, अजून कुणी राहायला आलं नाही.”

“नाही,” तो म्हणाला. “म्हणजे म्हणत असतील. मी नाही म्हणणार.”

“का?”

भोंगा झाला. मग तो बोलू लागला. तिच्याकडे न बघता, समोरच्या बाकाकडे बघत.

“एक्केचाळीसचा जून. मी सोळा वर्षांचा. गवत कापायला मावशीच्या गावी गेलो होतो. सायकलने परत आलो तर दार सताड उघडं. कुत्रा बांधलेला. आई, वडील, धाकटी बहीण... कुणी नाही. शेजारी म्हणाले, पहाटे ट्रक आला, रशियन शिपाई आले, घेऊन गेले. कुठे? पूर्वेकडे. अंथरुणं तशीच होती. आईने रात्री पावाची कणीक भिजवून ठेवलेली... ती फुगून, काठवटीबाहेर येऊन जमिनीवर सांडली होती. शेजारीण दारातून आत डोकावली आणि म्हणाली, ‘त्रोबा तुश्चा.’ घर रिकामं.” तो थांबला. “तेव्हा कळलं मला त्या शब्दाचा अर्थ. ज्यात काही होतं आणि आता नाही — ते तुश्चा. जे कधी भरलंच नाही, त्याला मी तसं म्हणत नाही.”

“मग... काय केलंत तुम्ही?”

“दुसरं काय करायचं सुचेना. भट्टी पेटवली. कणीक गोळा केली. पाव भाजले.” त्याने हाताचे तळवे उलटे केले. “आईचा हात लागलेले. आठवडाभर पुरले.”

स्नेहलताने त्याच्या उलट्या तळव्यावर आपला हात ठेवला. हातमोजा काढून ठेवला. त्याची बोटं थंडगार होती.

“ते परत...?”

“नाही. बहिणीचं काही कळलं नाही. आईवडिलांचं कळलं.”

धुक्यात कुठेतरी दुसऱ्या बोटीचा भोंगा वाजला आणि आपल्या बोटीने उत्तर दिलं.

“हे मी कुणाला सांगितलेलं नाही,” तो म्हणाला. “तुला सांगितलं.”

तुला. जर्मनमध्येही तो एवढासाच शब्द आहे, आणि जर्मन माणूस तो वर्षानुवर्षं जपून ठेवतो. तिचा हात त्याच्या हातात होता. तिचं मन भरून आलं होतं, अगदी खरंखुरं भरून आलं होतं. आणि तरीही त्या मनाच्या एका कोपऱ्यात कुणीतरी लख्ख दिवा लावला होता... सापडलं! रिकामं म्हणजे ज्यातून काही निघून गेलं ते. सोडून दिलेलं. आणि जे सोडून दिलेलं, त्यालाच जग हलकं समजतं.

*

फेब्रुवारीत प्रोफेसर हार्टविग यांच्या सेमिनारमध्ये तिने पेपर वाचला. छोटी खोली, पंधराएक माणसं, खिडकीबाहेर बर्फाचा चिखल. तिने फळ्यावर वाक्यं लिहिली होती. रिकामी पेटी. रिकामी बोट. सगळ्यांत खाली, जरा मोठ्या अक्षरांत — ‘त्रोबा तुश्चा’.

“या वाक्यात माझ्या मुद्द्याचा जीव आहे,” ती म्हणाली.

एका चष्मेवाल्या विद्यार्थ्याने हात वर केला. “पण इथे ‘रिकामं’ असा अर्थ आहे, की फक्त ‘घरी कोणी नाही’ असा? प्रसंग काय होता?”

तिने प्रसंग सांगितला. तारीख सांगितली. ट्रक सांगितला. कणकेचं सांगितलं. पेन्सिली भराभर चालू लागल्या.

“फार सुंदर उदाहरण,” प्रोफेसर म्हणाले. “फारच सुंदर. हा मनुष्य कुठे असतो? त्याला आणखी काही विचारता येईल का?”

“येईल,” मागून आवाज आला.

रापोलास शेवटच्या रांगेत उभा होता. तपकिरी सूट घातलेला, केस पाण्याने चापून बसवलेले. पेपरचा दिवस कुठला ते तिनेच कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं. तिला आश्चर्याचा धक्का द्यायला तो अर्ध्या दिवसाची रजा काढून आला होता.

“विचारा,” तो म्हणाला.

पेन्सिली थांबल्या.

“ते मी उदाहरण म्हणून सांगितलं नव्हतं,” तो शांतपणे म्हणाला. “बोटीत माझ्याशेजारी एक बाई बसली होती. तिला सांगितलं होतं.” मग त्याने खुर्ची आवाज न करता आत सरकवली आणि तो गेला.

“माणसं हळवी असतात,” प्रोफेसर मऊपणाने म्हणाले. “पुढे चला, फ्रॉयलाइन धारप.”

आणि स्नेहलता पुढे गेली. तेच तिला नंतर कितीतरी दिवस सहन होईना. ती त्याच्यामागे धावली नाही. तिने पेपर शेवटपर्यंत वाचला. संपल्यावर सगळ्यांनी बाकांवर बोटांची पेरं वाजवली. इथे टाळ्यांऐवजी तसं करतात.

*

धक्क्यावर तो पुन्हा दिसला नाही. मार्च गेला. पाऊस तसाच. ती दोन-दोन बोटी सोडून देत उभी राहायची, मग तिसरीत बसायची.

त्याच गोदीत सुधीर गुप्ते नावाचा मुंबईचा मुलगा ट्रेनिंगला होता. रविवारी तो तिच्याकडे वरणभात खायला यायचा. मराठीत बोलतानाही त्याच्या तोंडी ‘गेनाऊ’, ‘आल्झो’ असे जर्मन शब्द पेरलेले असायचे.

“स्नेहलताबाई, तुमचा लिथुआनियन हल्ली बसने येतो,” त्याने सांगितलं. “हार्बुर्गवरून वळसा घालून. गेनाऊ, तासभर जास्त लागतो.”

“तुम्हाला काय ठाऊक?”

“एकाच हॉलमध्ये बसतो आम्ही. मी विचारलं, बोट लागते का? तर म्हणाला, हो, लागते.” सुधीरने भाताचा घास थांबवला. “अहो, रडताय कशाला? आल्झो... मी काही चुकीचं बोललो का?”

“नाही हो. वरण तिखट झालंय.”

एप्रिलमध्ये प्रोफेसरांनी तिला बोलावलं. पेपर छापायला घ्यायचा होता. तो छापला तर शिष्यवृत्ती आणखी दोन वर्षं वाढवून मिळणं सोपं जाणार होतं. नाही तर पुढच्या वर्षी जुलैत तिची मुदत संपत होती.

“छापते,” ती म्हणाली. “पण ते शेवटचं वाक्य काढून.”

“मग त्यात उरतं काय?”

“उरेल ते उरेल.”

प्रोफेसरांनी चष्मा काढला, पुसला. ते वाईट गृहस्थ नव्हते. “विज्ञानाला हळवेपणा परवडत नाही, फ्रॉयलाइन. त्या वाक्याशिवाय हा निव्वळ अंदाज आहे. मला शिफारस करता येणार नाही.”

“ठीक आहे,” ती म्हणाली. “मला समजतं.” आणि तिने आपले कागद गोळा केले.

हे तिने रापोलासला कळवलं नाही. कळवलं असतं तर तो सौदा झाला असता. पण एका सकाळी ती उठली, उलटा वळसा घालून शहरात गेली, आणि त्याच्या घराजवळच्या बसथांब्यावर उभी राहिली. तो आला. तिला बघून थबकला. बस आली, तो चढला. तीही चढली आणि त्याच्याशेजारी बसली.

“आज मी काही विचारणार नाही,” ती म्हणाली. “सांगणार आहे. ऐकायचं नसेल तर पुढच्या थांब्यावर उतरते.”

तो खिडकीबाहेर बघत राहिला. उतर, असं म्हणाला नाही.

“माझं लग्न झालं होतं. मी एकोणीस वर्षांची होते. वर्षभराने एके दिवशी नवरा मला टांग्यात घालून माहेरी घेऊन आला. मला वाटलं, चार दिवसांसाठी. त्याने माझी ट्रंक ओसरीवर ठेवली, अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, नमस्कार केला आणि तोच टांगा घेऊन गेला. एक शब्द बोलला नाही. पुढे कोर्टातून काडीमोड झाला. का, ते मला आजही माहीत नाही.”

बस एका पुलावरून गेली. खाली कालव्यात कोळशाचा तराफा होता.

“आमच्या गावात बायका एकमेकींना हळदीकुंकवाला बोलावतात. मला बोलावणं बंद झालं. कुणी शिव्या दिल्या नाहीत; बोलेनासे झाले, एवढंच. मी रस्त्याने निघाले की ओसरीवरचं बोलणं थांबायचं. आमच्यात अशा बाईला ‘टाकलेली’ म्हणतात. तुच्छ शब्दाचा अर्थ कसा बदलला ते शोधायला मला जर्मनीत यायची गरजच नव्हती, रापोलाय. मला तो वाईतच कळला होता. पण फळ्यावर मी तुझं घर लिहिलं. माझं लिहायची हिंमत नव्हती, म्हणून तुझं लिहिलं.”

तो अजूनही बाहेरच बघत होता.

“त्या खोलीत मी रापोलास होतो,” शेवटी तो म्हणाला. “बोटीवर रापोलाय होतो. मला एवढंच लागलं.”

“हो.”

“तुझा नवरा...” त्याने शब्द शोधला, सापडला नाही. “त्या टांग्याच्या घोड्याला तरी लाज वाटली असेल.”

ती हसली आणि तिला रडू फुटलं. दोन्ही एकदम. पुढच्या बाकावरच्या बाईने वळून पाहिलं. गोदीचा थांबा आला तेव्हा तो उतरला. बस सुरू झाल्यावर तिने मागे पाहिलं. तो रस्त्याच्या कडेला टोपी हातात घेऊन उभा होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो धक्क्यावर होता.

“स्नेहलते,” तो म्हणाला. लिथुआनियन जिभेवर ते नाव जरा तिरकं पडलं. पण हाक होती ती.

*

त्यानंतरचं वर्ष त्यांचं सुखाचं होतं, असं म्हणायला हवं. पण ते सुखही त्या शहराच्या उजेडासारखं होतं — दुपारीच संपत आल्यासारखं. दोघं नदीकाठी चालायचे, सुधीरबरोबर खिचडी खायचे, फ्राऊ पेटरसनच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायचे. जुलै कुणी तोंडातून काढत नसे. तिचा प्रबंध अर्धा राहिला होता. अण्णांनी कळवलं होतं की मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवायची जागा आहे, ये. तिथे परत जायचं म्हणजे त्याच ओसऱ्यांवरून जायचं. तरीही जेनोव्हाहून मुंबईला जाणाऱ्या बोटीवर तिने जागा सांगून ठेवली.

साठच्या जुलैत, एका शनिवारी, तिकीट हातात घ्यायचं होतं. शिपिंग एजन्सीचं ऑफिस दुपारी बंद व्हायचं. रापोलास छत्री घेऊन बरोबर आला. सगळा रस्ता तो भलत्याच गोष्टी बोलत होता. नव्या जहाजाच्या सुकाणूबद्दल, फ्राऊ पेटरसनच्या गुडघ्याबद्दल. ऑफिसच्या दाराशी आल्यावर थांबला.

“जा आत. मी बाहेर उभा राहतो.”

“रापोलाय, तुला काहीच म्हणायचं नाही?”

“लोकरीचं काहीतरी वर ठेव. बोटीवर वारा असतो.”

“एवढंच?”

पाऊस छत्रीच्या कडेवरून त्याच्या बाहीवर पडत होता. छत्री नेहमीप्रमाणे सगळीच्या सगळी तिच्यावर होती.

“मी कुणाला थांब म्हणत नाही,” तो म्हणाला. “तेव्हा म्हणायला मिळालं नाही. आणि मिळालं असतं तरी काय? ज्यांना न्यायचं त्यांना नेतातच.”

“मला कुणी नेत नाहीये.” तिचा आवाज चढला. “मी माझ्या पायांनी चाललेय. म्हणून मला म्हणता येतं.”

“आणि थांबलीस तर? कशाला थांबायचं? मला देश नाही. एक खोली आहे. दरवर्षी ऑफिसात जाऊन राहायची परवानगी मागायची. लोक जिन्यात माझ्याकडे वळून बघतात, तुझ्याकडे जास्त बघतील.”

“बघू देत. मला सवय आहे.”

“पोरं झाली तर त्यांची भाषा कुठली?”

“पोरांपर्यंत पोचलास तू?” ती म्हणाली, आणि तो लाल झाला. पस्तिसाव्या वर्षी, भर रस्त्यात, कानांपर्यंत लाल.

एक गृहस्थ घाईने आले. “आत जाताय का तुम्ही? बंद व्हायची वेळ झाली.” ती बाजूला झाली, ते आत गेले, काम उरकून बाहेर आले, टोपीला हात लावून निघून गेले. ती दोघं तिथेच.

“एका माणसाने मला न बोलता सोडलं,” ती म्हणाली. आता हळू. “तू तसं करू नकोस. जा म्हणायचं असेल तर जा म्हण. मी जाईन. पण काहीतरी म्हण, नाहीतर मी—”

“लिक,” तो म्हणाला.

हा शब्द त्याने तिला कधी शिकवला नव्हता. एरवी तिने लगेच विचारलं असतं, अर्थ काय, मूळ काय, संस्कृतात याचं कोण लागतं. तिने काहीच विचारलं नाही. जो शब्द तो कुणालाच म्हणत नसे, तो तिला ओळखू आला. तिने त्याच्या हातातली छत्रीची मूठ धरली, आणि ती त्याच्या डोक्यावरही येईल इतकी सरकवली.

आतली कारकून बाई किल्ल्या घेऊन दाराशी आली. काचेतून तिने त्या दोघांकडे पाहिलं, क्षणभर वाट पाहिली. मग पाटी उलटी केली आणि कुलूप लावलं. तिकीट आतच राहिलं.